बरोबरीत सुटलेल्या डावातला हुकलेला विजय कसा शोधावा : ग्रँडमास्टरांच्या डावांचा पायरी-पायरीने अभ्यास

निकालाच्या रकान्यात अर्धा-अर्धा गुण दिसला की बहुतेक खेळाडू तो डाव सोडून पुढे जातात. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठल्याही क्लबात पाहा, पोरं जिंकलेले डाव पाठ करतात आणि बरोबरीचे डाव उघडतही नाहीत. यात मोठं नुकसान आहे. जिंकलेल्या डावात हरणाऱ्याची चूक उघड असते, मात होते आणि विषय संपतो. बरोबरीच्या डावात मात्र चूक दोन्हीकडून झालेली असू शकते. आधी एकाने डाव हातातून घालवला, मग दुसऱ्याने ती संधी घालवली. हे दोन्ही क्षण नेमके कुठे आले, ते शोधणं हा बुद्धिबळातला उत्तम व्यायाम आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षकही लागत नाही.

१९८४-८५ चा कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना घ्या. ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत सुटले. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण सहा विजय मिळवणारा जगज्जेता, असा तो सामना होता आणि ४१व्या डावाच्या वेळी कार्पोव्ह ५-१ ने पुढे होता. त्या डावात एका क्षणी ‘ए’ पट्टीवरचं प्यादं फक्त एक घर पुढे ढकललं असतं, तर सामना तिथेच संपण्याची वेळ आली होती. ती चाल झाली नाही, डाव बरोबरीत सुटला, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सामनाच निकालाविना थांबवण्यात आला. एवढा इतिहास बदलू शकणारी चाल बरोबरीच्या डावात दडलेली होती.

लेखात घरांची नावं ए ते एच आणि १ ते ८ अशी दिली आहेत. मोहऱ्यांसाठी रा, व, ह, उं, घो ही अक्षरं वापरली आहेत. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल समजावी. ‘+’ म्हणजे शह, ‘!’ म्हणजे चांगली चाल, आणि ‘१...’ असे ठिपके असतील तर ती काळ्याची चाल.

डाव कुठला घ्यायचा

प्रत्येक बरोबरी अभ्यासाच्या लायकीची नसते. वीसेक चालींत दोघांनी ठरलेली ओपनिंग खेळून, तीनदा तीच स्थिती आणून हात मिळवले, तर त्यात शोधण्यासारखं काही नसतं. निवडताना एवढं पाहा : डाव क्लासिकल (म्हणजे लांब) वेळेचा असावा, किमान ४० चालींचा असावा, आणि प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता त्याची नोंद डावाच्या फाइलमध्ये असावी. अलीकडच्या मोठ्या स्पर्धांच्या पीजीएन फाइलमध्ये (डावाच्या चाली साठवणारी फाइल) ती असते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव उघडला की घड्याळ चालीसोबत दिसतं.

सुरुवात करणाऱ्याने शक्यतो असा डाव घ्यावा, जो शेवटी सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांवर आला आहे. राजे आणि प्यादी धरून सात. असं का, ते टेबलबेसच्या (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या संग्रहाच्या) भागात कळेल. दोन-चार डाव तसे झाले की मग मधल्या डावातल्या गुंतागुंतीकडे वळा.

उदाहरणादाखल काही डाव : २०१० च्या सोफियातल्या सामन्यातला आनंद-टोपालोव्ह नववा डाव. आनंदकडे वजिराच्या बदल्यात दोन हत्ती होते, जिंकण्याच्या संधी एकदा नव्हे तर अनेकदा आल्या, आणि डाव ८३ चालींनंतर बरोबरीत सुटला. २०१८ चा कारुआना-कार्लसन पहिला डाव, ११५ चालींचा. २०२४ च्या सिंगापूरच्या सामन्यातला गुकेश-डिंग सातवा डाव, ७२ चालींचा. हे तीन घेतले तरी तीन महिन्यांची शिदोरी झाली.

पहिली फेरी : इंजिन बंद

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम. त्याचं उत्तर एकदा डोळ्यांना दिसलं की स्वतःचा विचार थांबतो, आणि ‘हे मला दिसलंच असतं’ असा खोटा भरवसा येतो.

खरा पट मांडा, मोहरी हातात घ्या. फोनवर डाव उघडून मूल्यमापनाची पट्टी आणि इंजिन दोन्ही बंद करा. एका डावाला साधारण दीड तास धरा. पहिली वीस मिनिटं डाव न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहा, फक्त कोणाची बाजू केव्हा वरचढ वाटली तेवढं वहीच्या समासात लिहा. मग दुसऱ्यांदा सुरू करा आणि खालच्या जागांवर थांबा.

वजिरांची किंवा शेवटच्या हत्तींची अदलाबदल झाली ती चाल. कारण अदलाबदल परत घेता येत नाही; प्याद्यांच्या अंत्यपर्वात (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) उतरण्याचा निर्णय एका चालीत डाव जिंकतो किंवा घालवतो. तसंच प्याद्याची प्रत्येक महत्त्वाची चाल, कारण प्यादं मागे येत नाही. वरचढ बाजूनेच चाली पुन्हा पुन्हा केल्या, ती जागा. ज्या चालीवर पंधरा मिनिटांहून जास्त विचार झाला ती, आणि तिच्या लगेच नंतरची झटपट केलेली चाल. खूप विचार करून मनाने एक ठरवलं की पुढच्या दोन-तीन चाली माणूस तपासून पाहत नाही, आणि चुका तिथे सापडतात.

आणि ३२ ते ४१ या चाली तर सगळ्याच. कारण घड्याळ. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिल्या ४० चालींसाठी १२० मिनिटं होती आणि प्रत्येक चालीमागे मिळणारे ३० सेकंद ४१व्या चालीपासून सुरू होत होते. म्हणजे ४०वी चाल अक्षरशः मोजक्या सेकंदांत करावी लागू शकते. सातव्या डावात डिंगने नेमकी ४०व्या चालीला घोडचूक केली. गुकेशकडे जिंकता येईल असा डाव आला, वेळही वाढून मिळाला, आणि तरीही पुढच्या काही चालींत तो निसटला. हा डाव मुद्दाम बघावा, कारण इथे दुसरी चूक वेळेच्या घाईत झालेली नाही. ताण उतरल्यावर सैल पडण्याची ती चूक आहे.

सात-आठ जागा निवडून झाल्या की प्रत्येक ठिकाणी डावातली पुढची चाल कागदाने झाका आणि तीन पर्यायी चाली लिहा. तीनच. त्यातली एक शह, मोहरा मारणं किंवा थेट धमकी असावी. एक शांत चाल असावी. आणि एक अशी, जी तुम्हाला मनातून खेळावीशी वाटत नाही. हा तिसरा रकाना विनोदाचा नाही. मागे जाणारा घोडा, कोपऱ्यात शिरणारा उंट, एक चाल फुकट घालवणारा राजा, अशा चाली नजरेला आपोआप दिसत नाहीत. हुकलेले विजय फार वेळा तिथेच असतात. प्रत्येक पर्यायापुढे चार-पाच चालींची ओळ आणि ‘पांढरा जिंकतो’, ‘काळा वरचढ’, ‘बरोबरी’ असा शब्दांत निकाल लिहा. आकडा लिहू नका.

दुसरी फेरी : इंजिन, पण शेवटाकडून

आता स्टॉकफिश सुरू करा. हे इंजिन फुकट आहे, लिचेसवर ब्राउझरमध्येच चालतं, घरी संगणक असेल तर वेगळं उतरवून घेता येतं. सेटिंगमध्ये एकाऐवजी तीन ओळी दिसतील असं करा. एकच ओळ ठेवली तर जिंकणारी चाल एकच होती की चार होत्या, हे कळत नाही, आणि सगळा निवाडा त्यावरच असतो.

बहुतेक जण डाव पहिल्या चालीपासून इंजिनला दाखवत येतात. उलटं करा. शेवटच्या स्थितीवर जा, इंजिनला दोन-तीन मिनिटं द्या, मग एक-एक चाल मागे या. याचं कारण साधं आहे : पुढची स्थिती तपासून झालेली असली की तिचा हिशोब इंजिनच्या स्मृतीत शिल्लक राहतो, आणि मागे आल्यावर तेच सत्य लवकर दिसतं. सुरुवातीकडून आलात तर वीस चालींनी पुढे उलगडणारा विजय इंजिनलाही आधी दिसत नाही, आणि तुम्ही ‘इथे काही नव्हतं’ म्हणून पुढे निघून जाता.

इंजिनच्या आकड्यात ० म्हणजे बरोबरी आणि + म्हणजे पांढरा वरचढ. समजा ५२व्या चालीनंतर आकडा ०.०० आहे, एक चाल मागे ०.००, आणखी एक मागे +०.३, आणि ४९व्या चालीच्या आधी एकदम +४.५. म्हणजे संधी ४९व्या चालीला होती आणि त्याच चालीत गेली. पण इथेच थांबू नका. आणखी मागे जा. ४८व्या चालीला काळ्याने काय केलं की +४.५ झालं? तिथे काळ्याची चूक सापडेल. हुकलेला विजय ही नेहमी जोडी असते : कोणीतरी दार उघडलं आणि कोणीतरी ते पाहिलं नाही. दोन्ही चाली वहीत एकाखाली एक लिहा.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी : प्रत्येक निवडलेल्या जागेवर किमान पाच मिनिटं द्या आणि बाकी चालींवर वीस-तीस सेकंद पुरे. एप्रिल-मेमध्ये खान्देशात दुपारी फोन लवकर तापतो, तापला की प्रोसेसर आपोआप मंद होतो, आणि त्याच पाच मिनिटांत इंजिन निम्म्या खोलीपर्यंतही (खोली म्हणजे ते किती चाली पुढचं पाहतं) जात नाही. ही फेरी पहाटे किंवा रात्री करावी, फोनचं कव्हर काढावं, चार्जिंगला लावून इंजिन चालवू नये. निकाल लिहिताना शेजारी इंजिनने गाठलेली खोलीही लिहा. २२ खोलीवरचं +२ आणि ४० खोलीवरचं +२ सारखं नसतं.

लिचेसवर संगणकाचा कीबोर्ड असेल तर ‘एक्स’ हे इंग्रजी अक्षर दाबून पाहा : समोरच्याची आता चाल असती तर त्याने काय धमकी दिली असती, ते इंजिन दाखवतं. एखादी शांत चाल का जिंकते हे समजत नसेल, तर उत्तर अनेकदा या एका कळीत मिळतं.

आकडा म्हणजे विजय नव्हे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. इंजिनने +१.४ दाखवलं, डाव बरोबरीत सुटला, की लगेच ‘ग्रँडमास्टरने जिंकलेला डाव सोडला’ असं म्हणून मोकळे. केळीला घड लागला म्हणजे पैसे हातात आले असं रावेर-यावलचा शेतकरी कधी म्हणत नाही. वादळ एका रात्रीत बाग आडवी करतं. वरचढ स्थिती आणि जिंकलेला डाव यांच्यात तसंच अंतर असतं.

आधी आकड्याचा अर्थ समजून घ्या. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ असा बांधलेला आहे की तेवढ्याच ताकदीच्या इंजिनांमध्ये तो डाव जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. म्हणजे +१ ला निम्मे डाव तर इंजिनही बरोबरीत सोडतं. त्यामुळे +०.७ ते +१.५ च्या दरम्यानच्या जागांना ‘हुकलेली संधी’ म्हणा, ‘हुकलेला विजय’ म्हणू नका. +२.५ च्या वर आणि खोली वाढवल्यावर आकडा चढत गेला, तर विजयाचा संशय घ्यायला हरकत नाही. संशयच; सिद्धता नंतर.

सिद्धता अशी करा. इंजिनची पहिली ओळ पटावर वीस चाली खेळत जा आणि दर पाच चालींनी आकडा लिहा. +२.६, +३.१, +४.८, +७ असा चढत गेला तर विजय खरा. पण +१.९, +१.९, +१.८, +१.९ असा एका जागी बसून राहिला, तर तिथे किल्ला आहे : बचाव करणारा मोहरी अशी लावून बसलाय की आत शिरायला वाट नाही, आणि इंजिन फक्त जास्तीचं मटेरियल, म्हणजे मोहरी-प्यादी, मोजतंय. २०१६ च्या न्यूयॉर्कच्या सामन्यातल्या चौथ्या डावात कार्लसन काळ्या मोहऱ्यांनी कार्याकिनवर दडपण आणून होता. ४५व्या चालीला त्याने एफ-प्यादं एफ४ वर ढकललं, पट बंद झाला, आणि कार्याकिनला असाच किल्ला बांधता आला. डाव ९४ चालींपर्यंत चालला, बरोबरीत सुटला. प्यादं परत येत नाही, हे ज्याला शिकवायचं असेल त्याला हा डाव दाखवावा.

काही स्थितींत आकडा फसवतो हे पाठच असावं. दोघांकडे विरुद्ध रंगाचे उंट आणि बाकी फक्त प्यादी असतील, तर एक काय, दोन प्यादी जास्त असूनही बरोबरी होऊ शकते. कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट : पांढऱ्याकडे एच-प्यादं आणि पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट असेल, तर एच८ हे काळं घर त्या उंटाला कधीच धरता येत नाही. काळा राजा त्या कोपऱ्यात पोचला की संपलं, बरोबरी. हत्ती-प्याद्यांच्या अंत्यपर्वात एक प्यादं जास्त असणं हा विजयाचा पुरावा नव्हे, फिलिडोरची बचावाची मांडणी आणि ल्युसेनाची जिंकण्याची मांडणी यांतली कुठली येणार आहे ते आधी ठरवा. या दोन मांडण्या येत नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या शिका. दोन संध्याकाळींचं काम आहे.

एक स्थिती जवळून

ही पटावर मांडा. पांढरा : राजा डी५, प्यादी ए५ आणि सी६. काळा : राजा सी८, प्यादं ए६. पांढऱ्याची चाल.

पाच मोहऱ्यांची ही जुनी, नावाजलेली स्थिती आहे, आणि बरोबरीत संपलेल्या असंख्य डावांचं मूळ यात आहे. पांढऱ्याला दोन नैसर्गिक चाली दिसतात. १. रा-डी६ रा-डी८ २. सी७+ रा-सी८ ३. रा-सी६ आणि काळ्याला चालच नाही, शहही नाही : कोंडी, बरोबरी. २. सी७ न खेळता राजा परत डी५ वर आणला, तर काळा रा-सी८ करतो आणि तीच स्थिती पुन्हा येते. दुसरी वाट १. रा-सी५, त्याला १... रा-सी७ आणि पांढरा पुढे सरकत नाही. या दोन्ही वाटा आलटून-पालटून तीनदा खेळल्या की बरोबरी मागता येते. पोरं पट बघून म्हणतात, “आते काय करानं?”

उत्तर मागे आहे. १. रा-सी४! आता काळ्याने १... रा-सी७ केलं तर २. रा-सी५ आणि चाल काळ्याची. त्याचा राजा हलला की पांढरा बी६ किंवा डी६ वर शिरतो. म्हणून १... रा-डी८. मग २. रा-डी४! रा-सी८ ३. रा-डी५. पटावर पहिलीच स्थिती आहे, फरक एवढाच की आता चाल काळ्याची आहे. ३... रा-डी८ ला ४. रा-डी६ रा-सी८ ५. सी७ रा-बी७ ६. रा-डी७ आणि प्याद्याचा वजीर होतो. ३... रा-सी७ ला ४. रा-सी५ रा-सी८ ५. रा-बी६ आणि ए६ चं प्यादं पडतं. १... रा-बी८ ने फरक पडत नाही : २. रा-डी४ रा-सी८ ३. रा-डी५, पुन्हा तेच.

पांढऱ्या राजाने डी५ वरून सी४, तिथून डी४ आणि परत डी५ असा त्रिकोण फिरून एक चाल घालवली. काळ्याला ते जमत नाही, कारण पांढरा सी४-डी४ वर घुटमळत असताना त्याला मागच्या ओळीत फक्त सी८ आणि त्याच्या शेजारची घरं आहेत आणि सी७ वर आला की पांढरा सी५ वर येतो. इथे शिकायचं ते असं : वरचढ बाजू चाली पुन्हा पुन्हा करताना दिसली, तर तिथे थांबून विचारा, ‘हीच स्थिती समोरच्याच्या चालीवर आणता आली तर?’ मोठ्या डावांतही हा प्रश्न उपयोगी पडतो. उंट दोन टप्प्यांत तिथेच नेता येतो, हत्ती एका पट्टीवर पुढे-मागे करता येतो. घोड्याला मात्र एकट्याने चाल घालवता येत नाही, कारण प्रत्येक चालीला त्याच्या घराचा रंग बदलतो. तिथे राजाची किंवा प्याद्याची राखीव चाल लागते.

टेबलबेस : जिथे वाद संपतो

सात किंवा कमी मोहऱ्या उरल्या की इंजिन बंद करून टेबलबेस पाहा. लिचेसवर विश्लेषणाच्या पानावर पुस्तकाचं चिन्ह दाबलं की एवढ्या मोहऱ्यांवर तो आपोआप दिसतो. इथे अंदाज नसतो. प्रत्येक कायदेशीर चालीपुढे विजय, बरोबरी किंवा पराभव असा अंतिम निकाल असतो. म्हणूनच सुरुवातीला सात मोहऱ्यांवर आलेले डाव घ्यायला सांगितलं.

एक बारीक गोष्ट. काही विजयांपुढे टेबलबेस वेगळी खूण करतो, कारण प्यादं न हलवता आणि काही न मारता ५० चालींत विजय पूर्ण होत नाही. स्पर्धेच्या नियमात तो डाव बरोबरीच आहे. त्याला हुकलेला विजय लिहू नका.

टेबलबेस नव्हता तेव्हा असे वाद वर्षानुवर्षं चालले. १९६२ च्या वार्ना ऑलिंपियाडमधला बोटविनिक-फिशर डाव स्थगित झाला तेव्हा फिशर एक प्यादं वर होता आणि आपण जिंकणार अशी त्याची खात्री होती. रात्रभराच्या विश्लेषणात सोव्हिएत संघातल्या गेलरने बचावाची कल्पना शोधली आणि डाव बरोबरीत सुटला. पुढे फिशरने विजय होता असं छापून मांडलं, बोटविनिकने ते खोडलं, आणि बोटविनिकच्याच शाळेत शिकणाऱ्या किशोरवयीन कास्पारोव्हनेही त्या हत्ती-प्याद्यांच्या अंत्यपर्वावर काम केलं. तीन जगज्जेते एकाच बरोबरीभोवती. आज आपल्याला फोनवर जे उत्तर मिळतं, ते त्यांनी डोक्याने शोधलं, म्हणून पहिली फेरी इंजिनविना करण्याचा एवढा आग्रह.

माणसाला सापडली असती का?

विजय सिद्ध झाला तरी अजून एक निवाडा बाकी राहतो. २०१८ च्या लंडनच्या सामन्यात सहाव्या डावात कारुआना काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. ६८व्या चालीला उंट एच४ वर नेला असता तर विजय होता, असं महासंगणकाने दाखवलं. कल्पना अशी की पांढऱ्या राजाला जागच्या जागी जखडायचं आणि घोडा ई२ मार्गे जी१ वर, स्वतःच अडकल्यासारख्या दिसणाऱ्या घरात न्यायचा. कारुआनाने घोडा एफ३ वर नेला आणि ८० चालींनंतर बरोबरी झाली. सहा तासांच्या खेळानंतर माणसाने हे शोधावं अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. वहीत अशा चालीपुढे ‘यंत्राचा विजय’ लिहा. त्यातून कल्पना शिका, पण खेळाडूला दोष देऊ नका.

याउलट जिथे जिंकणाऱ्या तीन चाली होत्या, किंवा एकच असली तरी ती पहिल्या चार-पाच पर्यायांत येण्यासारखी होती, तिथे ‘माणसाचा विजय’ लिहा आणि कारण शोधा. कारणं फार नसतात. घड्याळ. समोरच्याच्या प्रतिहल्ल्याची भीती, म्हणजे धमकी नसताना केलेली बचावाची चाल. जिंकतोच आहोत या समाधानात घेतलेलं फुकटचं प्यादं. आणि सुरक्षित वाटणारी अदलाबदल, जी विजयाची धारच काढून टाकते.

एक प्रकार वेगळा नोंदवा : संधी आजमावलीच नाही. त्याच २०१८ च्या सामन्यात शेवटच्या, १२व्या डावात कार्लसनची स्थिती चांगली होती, घड्याळातही तो पुढे होता, आणि ३१व्या चालीला त्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला. बाराही डाव बरोबरीत सुटले आणि मग त्याने जलद डावांचा टायब्रेक ३-० ने जिंकला. सामन्याच्या हिशोबात तो निर्णय त्याला फळला. पण अभ्यास करणाऱ्याने तो डाव तिथून पुढे दोन्ही बाजूंनी खेळून पाहायलाच हवा.

क्लबात खेळून पाहा

एवढं सगळं कागदावर झालं की ते अंगवळणी पडलेलं नसतं. निवडलेली स्थिती, म्हणजे विजय हुकण्याच्या एक चाल आधीची, क्लबात पटावर मांडा. प्रत्येकी १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. एकाने जिंकायचं, एकाने वाचवायचं, मग बाजू बदलायच्या. जिंकणाऱ्याला विजय कुठल्या चालीने होता हे माहीत असू द्या, तरीही पहिल्या खेपेला बरेच जण तो पूर्ण करू शकत नाहीत, कारण दहाव्या चालीनंतर वाट आठवत नाही आणि स्वतः शोधावी लागते. दोघांच्या ताकदीत फार फरक असेल तर कमकुवत खेळाडूला जिंकणारी बाजू द्या.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून रविवारच्या स्पर्धेला रेल्वेने जळगावला येणाऱ्यांकडे जाता-येताना दोन-तीन तास असतात. चुंबकी पट आणि वही एवढ्यावर पहिली फेरी गाडीत होते. सिग्नल नसला तरी काही अडत नाही. डाव आदल्या रात्री हाताने उतरवून घ्या. चाली हाताने लिहितानाच दोन-चार जागा खटकतात.

वहीतली नोंद

एका जागेला अर्धं पान, जास्त नाही. डाव, स्पर्धा, वर्ष, चालीचा क्रमांक. मग स्थिती : चित्र काढा किंवा मोहऱ्यांची घरं लिहा. त्याखाली दार उघडणारी चूक, हुकलेली चाल आणि खेळलेली चाल. जिंकणारी मुख्य ओळ सहा ते आठ चालींची, आणि बचाव करणाऱ्याचा सगळ्यात चिवट पर्याय. सोपा पर्याय लिहून स्वतःची समजूत घालू नका. घड्याळात दोघांचा उरलेला वेळ. इंजिनचा आकडा आणि खोली, किंवा टेबलबेसचा निकाल. ‘यंत्राचा’ की ‘माणसाचा’. एका ओळीत कारण. आणि तुम्ही पहिल्या फेरीत लिहिलेल्या तीन पर्यायांत ती चाल होती की नव्हती.

हा शेवटचा रकाना वीसेक जागा झाल्यावर एकत्र वाचा. राजाच्या मागे जाणाऱ्या चाली सतत सुटत असतील तर प्याद्यांची अंत्यपर्वं वाढवा. अदलाबदलीचे निर्णय चुकत असतील तर पुढच्या महिन्यात फक्त वजीर गेल्यानंतरच्या जागा निवडा. घड्याळाच्या घाईतल्या चुका जास्त असतील तर त्याच स्थिती प्रत्येकी तीन मिनिटांत खेळून पाहा. आणि नव्या आवृत्तीचं इंजिन आलं की जुन्या नोंदींतल्या +२ ते +३ च्या जागा पुन्हा एकदा तपासा. किल्ल्यांच्या बाबतीत निकाल फिरलेला सापडतो, तो जुन्या नोंदीवर न खोडता शेजारी तारखेसह लिहा.